भरलेली टाकी ओढणार कोण?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या बाई आणि त्यांचे यजमान साठीच्या उंबरठ्यावर आहेत. गेल्या वर्षी त्यांनी एक छोटा, आधी वापरलेला कॅम्पिंग ट्रेलर घेतला. आत सिंक आहे, अंग चोरून उभं राहावं लागतं असा शॉवर आहे आणि कॅसेटचं, म्हणजे मैला सुट्या, काढून नेता येणाऱ्या डब्यात जमा होतो असं टॉयलेट आहे. सिंक आणि शॉवरचं सांडपाणी खालच्या 110 लिटरच्या टाकीत जातं. पहिल्याच आठवडाभराच्या मुक्कामात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती टाकी भरली आणि शॉवरच्या तळातून साबणाचं पाणी उलटं वर आलं. मग तंबू-खुर्च्या आवरून, ट्रेलर पुन्हा गाडीला जोडून तो रिकामा करायच्या जागेवर न्यावा लागला. आता ट्रेलर न हलवता सांडपाणी तिथवर ओढत नेता यावं म्हणून चाकांची वेगळी टाकी घ्यायचं ठरलं आहे, पण घरात दोन पक्ष पडले आहेत. यजमान म्हणतात, ‘ट्रेलरच्या टाकीपेक्षा मोठीच हवी’, आणि त्यांनी 140 लिटरची, चार चाकांची हेरून ठेवली आहे. बाईंना वाटतं, दोन बादल्या पुरतील. यजमानांची कंबर मधूनमधून धरते. बाई विचारतात: केवढी घ्यावी? दोन चाकांची की चार? टॉयलेटचंही त्यातच चालेल का? वास येईल का? आणि एवढं धूड ठेवायचं कुठे?

---

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना टाकीचा प्रश्न दिसला. दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्यापाशी अडखळले. ‘हे म्हणतात, मी ओढीन, तू काळजी करू नकोस.’ आणि त्याच्या दोन ओळी खाली, ‘यांची कंबर मधूनमधून धरते.’ ही दोन वाक्यं तुम्ही इतकी जवळ लिहिली आहेत, पण पत्रात कुठेही ती एकमेकांना भेटलेली नाहीत. माझ्या मते तुमचा सगळा प्रश्न त्या दोन ओळींच्या मधल्या जागेत आहे.

पाण्याचा हिशेब सोपा असतो. एक लिटर म्हणजे एक किलो. साबण, तेलकटपणा, अन्नाचे कण यांनी फारसा फरक पडत नाही. म्हणजे 140 लिटरची टाकी भरली की आत 140 किलो, वर टाकीचं आणि चाकांचं स्वतःचं वजन. दीडशेच्या पुढेच गेलात. दुकानात ही टाकी एका हाताने उचलून दाखवतात, कारण ती रिकामी असते. विकत घेताना आपण रिकामी टाकी घेतो आणि वापरताना भरलेली ओढतो, सगळी गफलत इथेच होते.

चार चाकं असली की वजन जमीन पेलते, हे यजमानांचं म्हणणं बरोबर आहे. सपाट, पक्क्या रस्त्यावर दीडशे किलो ढकलत नेणं जमतं. पण कॅम्पसाइटवर असा रस्ता तुमच्या दारापर्यंत येतो का, हे आठवून बघा. खडी, गवत, पावसाने मऊ झालेली माती यांत छोटी कडक चाकं रुततात. चढ लागला तर बघायलाच नको. दहा मीटर चालल्यावर एक मीटर वर नेणारा चढ डोळ्यांना किरकोळ वाटतो, पण त्यावर दीडशे किलोची टाकी तुम्हाला सतत पंधरा किलोच्या जोराने मागे ओढते. चाकांचं घर्षण वेगळंच. उतारावर तीच टाकी मागून अंगावर येते आणि आतलं पाणी हिंदकळून भर घालतं. धरलेल्या कंबरेला हा प्रकार मानवणार नाही.

आता ‘ट्रेलरच्या टाकीपेक्षा मोठीच हवी’ या नियमाकडे येऊ. यजमानांनी तो कुठून तरी ऐकला असेल, आणि नियम खोटा नाही. फक्त तो तुमच्या ट्रेलरसाठी नाही. ज्यांच्या ट्रेलरमध्ये टॉयलेटची टाकी खाली कायमची बसवलेली असते, त्यांच्यासाठी तो आहे. तिथे मैल्याची टाकी बऱ्यापैकी भरू द्यायची आणि एका दमात पूर्ण सोडायची, म्हणजे पाण्याच्या लोंढ्याबरोबर घट्ट भाग वाहून जातो. थोडं सोडून व्हॉल्व्ह बंद केला तर पातळ तेवढं निघून जातं आणि गाळ तळाशी बसतो. शिवाय मधेच व्हॉल्व्ह बंद करताना घट्ट काही अडकलं तर तो नीट मिटतही नाही. म्हणून त्या मंडळींना बाहेरची टाकी आतल्यापेक्षा मोठी लागते.

तुमच्याकडे टॉयलेट कॅसेटचं आहे. खालच्या टाकीत जातं ते फक्त सिंक-शॉवरचं पाणी, ज्याला ट्रेलरवाले ‘ग्रे वॉटर’ म्हणतात. ते हवं तेवढं सोडता येतं. तीस लिटर सोडा, व्हॉल्व्ह बंद करा, उरलेलं उद्या. काही बिघडत नाही. त्यामुळे तुमच्या बाहेरच्या टाकीचा आकार ट्रेलरच्या टाकीवरून ठरवायचं कारणच उरत नाही. तो ठरतो दोन गोष्टींवरून: तुमचं एका दिवसाचं पाणी, आणि ओढणाऱ्याची ताकद.

मग एका दिवसाचं पाणी किती? तुमच्याच आकड्यांनी बघू. 110 लिटर दोन दिवसांत, म्हणजे रोज साधारण 55. दोन माणसांना हे फार नाही, पण ट्रेलरसाठी कमीही नाही. मला शॉवरचा संशय येतो. ट्रेलरचा शॉवर बारीक असला तरी मिनिटाला सहा-आठ लिटर पाणी सहज सोडतो. पाच मिनिटं चालू ठेवला की 30 ते 40 लिटर गेले, तेही एका माणसाचे. अंग ओलं करा, शॉवर बंद करा, साबण लावा, मग पुन्हा चालू करून धुवा, एवढं केलं तर आंघोळ दहा लिटरच्या आत उरकते. हँडलवरच बटण असलेला शॉवर मिळतो, तो बसवला की हे न बोलता अंगवळणी पडतं. कॅम्पसाइटवर सार्वजनिक न्हाणीघर असेल तर आंघोळ तिकडेच केलेली बरी. भांडी आधी कागदाने पुसून मग धुतली की पाणीही वाचतं आणि तेलकट राडा टाकीत जात नाही. त्या राड्याचा त्रास पुढे वासाच्या वेळी होतो, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

एवढ्यावर रोजचा आकडा तीसच्या आसपास येऊ शकतो. मग तुमची 110 लिटरची टाकी तीन-चार दिवस टिकेल, आणि शनिवार-रविवारच्या सहलींना तर बाहेरची टाकी न्यायचीच गरज नाही. आठवड्याच्या मुक्कामाला मात्र लागेल.

आणखी एक शंका. तुमची टाकी खरंच 110 लिटरला भरली होती का? वापरलेला ट्रेलर आहे, आधीच्या मालकाचं किंवा तुमच्याच आधीच्या सहलीचं पाणी तळाशी उरलेलं असू शकतं. ट्रेलर एका बाजूला कललेला असेल तर टाकीच्या वरच्या कोपऱ्यात हवा कोंडते आणि टाकी पूर्ण भरण्याआधीच पाणी शॉवरमधून वर येतं, कारण शॉवरचा तळ हे आतलं सर्वांत खालचं तोंड. टाकीची हवेची नळी तुंबली असेल तरीही सिंकमध्ये गुडगुड होऊन पाणी संथ उतरतं. टाकी किती भरली ते दाखवणाऱ्या भिंतीवरच्या दिव्यांवर तर अजिबात विसंबू नका. टाकीच्या आत पाण्याची पातळी ओळखणाऱ्या छोट्या पट्ट्यांवर साबण आणि तेलाचा थर बसला की रिकाम्या टाकीलाही ते ‘भरली’ म्हणतात. घरी एकदा ट्रेलर सपाट उभा करून, टाकी रिकामी करून, मोजलेल्या बादलीने स्वच्छ पाणी सिंकमधून ओता आणि शॉवरमध्ये ते कधी दिसतं ते बघा. तो तुमचा खरा आकडा. अर्धा तास जाईल, पण चुकीच्या आकड्यावर खरेदी होणार नाही.

पुढे सहलीतही मोजणं सोपं आहे. ताज्या पाण्याच्या टाकीत जेवढं भरलं आणि वापरलं, जवळपास तेवढंच खाली सांडपाण्यात जमा झालं, पिण्यात, चहात आणि टॉयलेटच्या फ्लशला गेलेलं थोडं वजा. रोज सकाळी ताजं पाणी किती भरलं ते एका कागदावर लिहून ठेवा. तो कागद भिंतीवरच्या दिव्यांपेक्षा जास्त खरं बोलतो.

आता तुमच्या बादल्या. ताई, तुमच्या बाजूने निकाल द्यावा असं मनापासून वाटत होतं, पण नाही देता येत. ट्रेलरच्या तळातून दीड इंची तोंडाने पाणी सुटतं तेव्हा दहा लिटरची बादली काही सेकंदांत काठोकाठ होते, आणि तुम्ही त्या वेळी ओणव्या होऊन व्हॉल्व्हचा दांडा शोधत असता. उघडी बादली हिंदकळते, पायांवर सांडते, शेजारच्या तंबूसमोरून जाताना सगळ्यांना दिसते. पन्नास लिटरला पाच-सहा खेपा. झाकणाचे वीस लिटरचे दोन कॅन वापरणारी माणसं मी पाहिली आहेत आणि ज्यांचं पाणी खरोखर थोडं असतं त्यांना ते पुरतंही. पण एका हातात वीस किलो धरून चालणं म्हणजे पुन्हा कंबरच. कॅन घ्यायचेच झाले तर सोबत सामानाची छोटी ढकलगाडी घ्या.

तेव्हा मधला मार्ग: 60 ते 80 लिटरची टाकी. बाजारात हिला ‘टोट’ म्हणतात, तर आपणही टोट म्हणू. टोट साधारण 40 लिटरपासून 150 लिटरपर्यंत मिळतात. पुष्कळदा माप गॅलनमध्ये छापलेलं असतं आणि तिथे एक खाचखळगा आहे. अमेरिकन गॅलन 3.785 लिटरचा, ब्रिटिश गॅलन 4.546 लिटरचा. वीस गॅलन म्हणजे एका हिशेबाने 76 लिटर आणि दुसऱ्याने 91. पंधरा किलोचा फरक झाला. विकणाऱ्याला लिटरमध्येच विचारा.

दोन चाकं की चार, याचं उत्तर आकारावर आहे. दोन चाकांच्या टोटला एका टोकाला चाकं आणि दुसऱ्या टोकाला मूठ असते. आडवी भरून मुठीकडून उचलली की निम्म्याच्या आसपास वजन तुमच्या हातात येतं, निम्मं चाकांवर. म्हणजे 80 लिटरच्या टोटला उचलतानाच पस्तीस-चाळीस किलोचा हिसका. लांब दांडा असेल तर थोडा कमी. हा हिसका नेमका वाकलेल्या स्थितीत बसतो, आणि कंबरेची दुखणी अशाच क्षणी उलटतात. माझ्या मनात दोन चाकांना वरची मर्यादा 50-55 लिटर आहे, तीही निरोगी पाठीसाठी. तुम्हाला चार चाकांचाच घ्या, फक्त यजमानांनी हेरलेल्याच्या निम्म्या आकाराचा. चार चाकं हवीत हा त्यांचा मुद्दा मान्य झाला असं त्यांना जरूर सांगा.

चाकांकडे नीट बघा. टाकीचं प्लास्टिक बहुतेकांचं सारखंच असतं, टोट बाद होतो तो चाकांपायी. प्लास्टिकची पातळ, पोकळ चाकं खडीवर कडकड वाजतात आणि आसापाशी झिजतात. जाड रबराची, रुंद, मोठ्या व्यासाची बघा. पुढची चाकं वळणारी असतील तर अरुंद जागेत फिरवायला सोपं. आस धातूचा आहे का, चाक बदलता येतं का, हेही विचारा.

एका मापाबद्दल मात्र मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण ते न घेता टोट आणणारे निम्मे लोक पहिल्याच दिवशी पस्तावतात, आणि त्यांत मीही होते.

पाणी वरून खाली जातं. ट्रेलरच्या टाकीचं तोंड जमिनीपासून किती उंच आहे? लहान ट्रेलर जमिनीलगत असतात, तोंड कधी कधी वीतभरच वर असतं. आणि टोट आडवा ठेवला तर त्याचं भरायचं तोंड किती उंच आहे? ते ट्रेलरच्या तोंडापेक्षा वर असेल तर पाणी दोन्हीकडे एका पातळीला येईपर्यंत वाहील आणि थांबेल. खाली उरलेलं पाणी ट्रेलरमध्येच राहील. माझ्या पहिल्या टोटचं असंच झालं. चांगला उंच, देखणा टोट होता. नळी जोडली, व्हॉल्व्ह उघडला, थोडं पाणी आलं आणि गप्प. मी नळी हलवली, ठोकली, शेवटी वैतागून ती ट्रेलरच्या बाजूने सोडवली. पुढचं सांगत नाही, चपला टाकून दिल्या एवढंच सांगते.

तर आजच मोजपट्टी घ्या. ट्रेलरच्या निचरा-तोंडाच्या खालच्या कडेची उंची मोजा, आणि टोटच्या तोंडाची उंची त्यापेक्षा दोन-चार बोटं तरी कमी असेल असाच टोट निवडा. पसरट, बुटका टोट म्हणूनच उभ्या चौकोनी टोटपेक्षा बरा. अगदीच जमत नसेल तर दोन उपाय आहेत. उताराच्या बाजूला टोट ठेवायचा, किंवा ट्रेलरची दोन्ही बाजूंची चाकं पाचरींवर चढवून तो सगळाच थोडा उचलायचा. पण फक्त तोंडाकडचीच बाजू उचलली तर पाणी तोंडापासून लांबच पळतं, तेव्हा टाकीचा उतार कुठे आहे ते आधी बघा. जमिनीत खड्डा खणून टोट त्यात बसवणारेही भेटतात. तसं करू नका, कुठल्याही कॅम्पसाइटला ते चालत नाही.

नळीचंही असंच. तीन इंची जाड नळी टॉयलेटच्या टाक्यांसाठी असते. तीन मीटर लांबीची तीन इंची नळी भरली की तिच्यातच 13-14 लिटर पाणी असतं. टोट काठोकाठ भरला, वर नळीही भरली आणि तुम्ही ती सोडवली, तर ते सगळं पाणी पायांशी. बागेच्या बारीक पाऊण इंची नळीत तेवढ्याच लांबीला एक लिटरही मावत नाही. ग्रे वॉटरला बारीक नळी पुरते, फक्त वेळ लागतो आणि अन्नाचे कण अडकू नयेत म्हणून सिंकला जाळी हवी. तुमच्या ट्रेलरचं तोंड कोणत्या प्रकारचं आहे, खटक्याचं की आट्यांचं, याचा फोटो काढून दुकानात न्या. आटे देशोदेशी वेगळे असतात. अमेरिकन बागेच्या नळीचे आटे आणि ब्रिटिश मापाचे आटे दिसायला सारखे असतात, पण एकमेकांत नीट बसत नाहीत. जबरदस्तीने बसवले की थेंब थेंब गळत राहतात. जोडणीत पारदर्शक कोपरा मिळाला तर घ्या. पाणी थांबलं की चालू आहे, ते वाकून कान न लावता कळतं.

भरताना टोटचं हवेचं झाकण उघडं हवं. आत पाणी शिरायचं तर आतली हवा बाहेर यायला वाट लागते. झाकण बंद राहिलं की पाणी अडकत, ढेकरा देत येतं आणि तुम्हाला वाटतं नळी तुंबली. रिकामं करतानाही तेच. ते झाकण उघडं आहे हे विसरून टोट हलवला की मग पुन्हा चपलांचा विषय. आणि टोट कधीही पूर्ण भरू नका. 70 लिटरच्या टोटमध्ये रोज 50-55 घातले की सांडायची भीतीच उरत नाही, नळीतलं उरलेलं पाणीही त्यात मावतं. रोज भरायचं पाणी आपल्याला माहीत आहे, कारण सकाळचा कागद आहे. मोठा टोट घेऊन ‘बसेल ना सगळं’ म्हणत डोळे मिटून व्हॉल्व्ह उघडण्यापेक्षा हे निवांत आहे.

यजमान आता म्हणतील, रोज कोण जाणार? आठवड्यातून एकदा मोठी खेप बरी. त्यांना वासाबद्दल सांगा. सिंक-शॉवरचं पाणी ताजं असताना फारसा वास देत नाही. पण बंद टाकीत पडून राहिलं की त्यातले जिवाणू साबण, तेल, अन्नाचे कण खाता खाता पाण्यातला प्राणवायू संपवतात, आणि मग सडलेल्या अंड्यासारखा वास सुरू होतो. उन्हाळ्यात दुसऱ्याच दिवशी. लोक वासावर सुगंधी द्रव्यं ओतत बसतात. मला त्यांचा भरवसा वाटत नाही. रोजचं रोज रिकामं केलेलं पाणी वास मारत नाही आणि रोज रिकामी झालेली टाकी जडही होत नाही. टोटमध्ये तर पाणी रात्रभर ठेवूच नका. भरला की लगेच न्या.

गाडीच्या मागे बांधून नेण्याबद्दल तुम्ही लिहिलं नाही, पण 140 लिटर ठरवणाऱ्या माणसाच्या मनात ते असणारच. पुष्कळ टोटना गाडीच्या हुकात अडकवायचा धातूचा कान असतो. तो चालण्याच्या वेगासाठी दिलेला असतो. बनवणारे साधारण ताशी आठ किलोमीटरची मर्यादा घालतात. त्याहून जोरात गेलं की लहान चाकं तापतात, आस वाकतो आणि कधी कधी टोट उलटतो. सार्वजनिक रस्त्यावर न्यायचाच नाही. कॅम्पसाइटच्या आत परवानगी असेल तर एकाने हळू चालवायचं, दुसऱ्याने मागे चालत लक्ष ठेवायचं. कंबर धरलेल्या दिवशी हा चांगला उपाय आहे आणि 70 लिटरच्या टोटलाही तो कान मिळतो. तो नक्की घ्या.

अजून एक वाट आहे, ती टोटच्या दुकानात कुणी सांगणार नाही. रिकामं करायची जागा ट्रेलरपासून हाकेच्या अंतरावर असेल तर छोटा बारा व्होल्टचा पंप आणि लांब नळी पुरते, पाणी चढावरही जातं. किंवा मुक्काम ठरवताना सांडपाण्याची थेट जोडणी असलेली जागा मागा. वर्षातून एखाददुसराच लांब मुक्काम असेल तर हे टोटपेक्षा सोपं पडेल. तुमचे किती होतात ते तुम्हालाच ठाऊक.

टॉयलेटचं त्यात घालू का, या प्रश्नाचं उत्तर ठाम नाही असं आहे. कॅसेटची टाकी साधारण वीस लिटरची, झाकणाची, बऱ्याचदा स्वतःच्या छोट्या चाकांची. ती थेट रिकामं करायच्या जागेवर न्यायची. टोटमध्ये ओतण्यात एक जास्तीचा व्यवहार, एक जास्तीचं भांडं घाण आणि धुणं दुप्पट. टोट फक्त ग्रे वॉटरचा ठेवलात तर तो धुणंही सोपं राहतं. ज्या वाचकांच्या ट्रेलरला मैल्याची टाकी बसवलेली आहे, त्यांनी टोट त्या टाकीपेक्षा मोठा, तीन इंची तोंडाचा घ्यावा, आधी मैल्याचं आणि मग सिंक-शॉवरचं सोडावं, म्हणजे दुसऱ्या पाण्याने नळी धुऊन निघते. आणि दोन्ही पाणी एकाच वेळी एकाच टोटमध्ये घ्यायचा मोह टाळावा. ताजं पाणी भरायची नळी तर या सगळ्यापासून दूर, वेगळ्या पिशवीत, वेगळ्या रंगाची.

‘साबणाचंच तर पाणी, झाडाला घातलं तर काय?’ असं तुम्ही पत्राच्या शेवटी हळूच विचारलं आहे. घरच्या बागेत आपण काय करतो ते वेगळं. कॅम्पसाइटवर तुमच्याआधी आणि नंतर शेकडो माणसं त्याच चौकोनात उतरतात. त्या पाण्यात अंगावरचे जंतू असतात, अन्नाचे कण असतात, त्यांनी माश्या आणि जनावरं येतात. बहुतेक ठिकाणी जमिनीवर सोडायला मनाई असते. पोचल्यावर जागा ताब्यात घेतानाच विचारा: रिकामं कुठे करायचं, तिथे टोटला पुरेल असं जमिनीलगतचं तोंड आहे का, धुवायला नळ आहे का. काही ठिकाणी तोंड कठड्यावर असतं, मग आडवा टोट त्यात रिकामा होत नाही आणि उचलावा लागतो. तिथे पुन्हा 70 आणि 140 चा फरक कळतो.

ठेवायचं कुठे, हा प्रश्न लहान टोट घेतल्याने निम्मा सुटतो. रिकामा, धुतलेला, दोन्ही झाकणं घट्ट लावलेला टोट गाडीत किंवा ट्रेलरच्या आत जमिनीवर आडवा बसेल का ते आधी कागदाचं खोकं तेवढ्या मापाचं करून बघा. मागच्या बंपरवर बांधणाऱ्यांची फॅशन आहे. रिकामा असताना एकवेळ चालेल, पट्टा मात्र दोन ठिकाणी हवा. भरलेला टोट मागे टांगून निघू नका. लहान ट्रेलरच्या शेपटीवर सत्तर किलो चढले की पुढचा हुकावरचा भार कमी होतो आणि रस्त्यात ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. उन्हात कायम ठेवलेलं प्लास्टिक काही वर्षांत ठिसूळ होतं, तेव्हा घरी सावलीत ठेवा आणि झाकण थोडं उघडं ठेवा, म्हणजे आत ओल कोंडणार नाही.

राहता राहिली ती लाजेची गोष्ट. ‘लोकांसमोरून ते ओढत न्यायचं’ असं तुम्ही लिहिलंत. ताई, सकाळी साडेसातला रिकामं करायच्या जागेवर जाऊन उभ्या राहा. रांग असते. हवामानापासून नातवंडांपर्यंत सगळ्या गप्पा तिथेच होतात. मला तरी चांगल्या मुक्कामाच्या जागांची माहिती त्या रांगेतच मिळाली आहे.

आता यजमानांकडे हे पत्र कसं न्यायचं? वाद घालू नका. टोट घ्यायच्या आधी कुठल्याही ढकलगाडीवर पाण्याचे भरलेले कॅन रचा, एकूण 70 लिटरचे, आणि दोघांनी आळीपाळीने तुमच्या घराजवळच्या चढावर ती पन्नास पावलं न्या. मग त्यात आणखी 70 लिटरची भर घाला आणि पुन्हा त्यांनाच विचारा, 140 ची आणू या का म्हणून. पण तुम्हीही ओढा, नुसत्या बघत उभ्या राहू नका. ज्या दिवशी त्यांची कंबर धरेल त्या दिवशी टोट तुमच्याच हातात येणार आहे.